गाव उघडं पडलं तेव्हा

२०१६ च्या मे महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, पाणी पार तळाला गेलंय. जुनं गाव उघडं पडलंय. येता का?"

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. नाथसागर मृतसाठ्याच्याही खाली गेला होता. पेपरात रोज त्याचे आकडे यायचे, भेगाळलेल्या तळाचे फोटो यायचे. लोक हळहळत. अन् आम्ही काही माणसं अशी, की ज्यांना ती बातमी वाचून आतून बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. सगळा मुलूख पाण्यावाचून तडफडत होता आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन गाव बघायला निघालो होतो.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. शेवगाव तालुका, गोदावरीचा दक्षिण काठ. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढं जे सांगणार आहे ते वाचून नव्या गावठाणात कुणी कुणाच्या दारात भांडायला जाऊ नये, एवढ्यासाठीच. आणि तसं पाहिलं तर पैठणच्या धरणात शंभरावर गावं बाधित झाली. नेवासा, शेवगाव, पलीकडं गंगापूर, पैठण. त्यातलं कोणतंही नाव घाला, हकिकत फारशी बदलणार नाही.

धरणाच्या नावाची तर वेगळीच गंमत. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यात. धरण आधी तिथं व्हायचं होतं. मग जागा बदलली, धरण वर पैठणला आलं, पण कागदावरचं नाव तेच राहिलं. म्हणजे ज्या गावाचं नाव जगभर झालं ते बुडालं नाही, अन् जी बुडाली त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. आमचे आबा म्हणायचे, "बारसं एकाचं, अन् सुतक दुसऱ्याला."

आम्ही पोचलो तर पन्नास-साठ माणसं आधीच आलेली. कुणी भोसरीहून, कुणी वाळूजहून, कुणी नगरच्या एमआयडीसीतून. नव्या गावठाणातले तर होतेच. तळाचा गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, पाय ठेवला की कुरकुर वाजायचं. शिंपल्यांचा खच. मधेच एखादं फाटकं जाळं. आणि त्या सगळ्या राखाडी रानात आमचं गाव गुडघाभर उभं होतं. वेशीचे दोन दगडी खांब. बारवेचं तोंड, आतून गाळानं भरलेलं. महादेवाच्या देवळाचा चौथरा. पाटलांच्या वाड्याचं जोतं, त्याला लागून आमच्या वाड्याचं. चावडीच्या तीन पायऱ्या. मारुतीचा पार होता, वरचा मारुती मात्र नव्हता. त्याला आम्ही उठताना बैलगाडीतून नेला होता. ते मला चांगलं आठवतं. मूर्ती हलवताना वर्षानुवर्षांच्या शेंदराची खोळ निखळून पडली आणि आत वीतभर जाडीची, सुबक कोरलेली लहानशी मूर्ती निघाली. बाया रडायला लागल्या. एवढा थोरला आपला मारुती, अन् आत एवढाच? मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला मूर्तीपेक्षा त्या शेंदराच्या खोळीचंच अप्रूप. तिचा एक तुकडा खूप दिवस माझ्या दप्तरात होता.

आबा त्या दिवशी ऐंशीच्या पुढचे. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी आणलं होतं. ते जोत्यावर टेकले आणि पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती ही, की "मोगलाई कुठंय?" नातवंडांना काही कळेना. म्हाताऱ्याला भ्रम झाला असं वाटून एक जण पाणी घेऊन आला.

भ्रम नव्हता. आमच्या गावाला समोरचा काठ म्हणजे मोगलाई. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत गोदावरी ही नुसती नदी नव्हती, ती दोन राज्यांची शीव होती. अलीकडं इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडं निजामाचं हैदराबाद संस्थान. अलीकडं कलदार रुपया, पलीकडं हाली. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशोब आमच्या आजीला शाळेत न जाता तोंडपाठ होता, कारण तिचं माहेर पलीकडं. माहेरहून साडी आणायची तरी करोडगिरीच्या नाक्याची भीती. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. ती चुकवायची तर नाक्यावरून न जाता रात्री उतारानं जायचं. आमच्या गावचे भोई त्यात पटाईत. नदीचा उतार कुठं आहे, कुठं वाळू पाय धरते, कुठं डोह आहे, हे त्यांना अंधारात पायाला कळायचं. नावेचं भाडं रोख नसायचं, सुगीला धान्य द्यायचं. फाल्गुनात नाथषष्ठीला पाणी ओसरलेलं असलं की सगळं गाव चालत पैठणला जायचं. राज्य वेगळं, नाणं वेगळं, पण नाथ एकच.

रझाकारांच्या वर्षात पलीकडची माणसं रात्री नदी उतरून अलीकडं आली. आमच्या ओसरीवर दोन कुटुंबं कित्येक महिने राहिली. आबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. ते सांगायचे की त्यातल्या एका बाईनं येताना फक्त जात्याची वरची तळी डोक्यावर आणली होती. खालची राहिली. लोक हसले. बाई म्हणाली, "अर्धं जातं हाये, म्हंजी परत जायाचं हाये." पोलीस ॲक्शन झाली आणि ती माणसं परत गेली. नदीला पूर होता, तरी थांबली नाहीत. पुढं सव्वीस-सत्तावीस वर्षांनी धरण झालं तेव्हा त्यांचंही गाव बुडालं आणि आमचंही. ज्यांनी आसरा दिला ते अन् ज्यांनी घेतला ते, दोघंही एकाच सालात बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाले.

नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाताना प्रवरासंगमला पुलावरून जी देवळं दिसतात ती पाहिलीत ना? टोक्याचं सिद्धेश्वर, पलीकडं कायगाव. रामानं मारलेल्या सोन्याच्या हरणाची काया पडली ते कायगाव आणि मुंडकं पडलं ते टोकं, असं आमच्याकडं सांगतात. धरणाच्या फुगवट्याची शेपटी तिथवर जाते. १७६१ साली पानिपतानंतर निजामअली पुण्यावर चालून निघाला तेव्हा त्याच्या फौजेनं टोक्याची देवळं फोडली, आणि त्याच्याच पदरचे मराठे सरदार बिथरले, हे इतिहासात नमूद आहे. देऊळ फोडलं याची नोंद होते, पुन्हा बांधलं याचीही होते. दगडाचं असलं की नोंद राहते. ही गोष्ट मला त्या दिवशी संध्याकाळी जरा वेगळ्या रीतीनं कळली, ते पुढं येईलच.

धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे, पोटात १०२ टीएमसी पाणी. आमच्या गावात सुरुवातीला कुणाचा विश्वासच बसला नाही. गंगामाई कुणाला अडली का आजवर, असं म्हातारी माणसं म्हणत. मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. मिलो आली, सुकडी आली, जिथं काम निघेल तिथं माणसं गेली. माझे चुलते धरणाच्या भरावावर मातीच्या पाट्या टाकायला होते. आपलं गाव बुडवणाऱ्या बांधावर आपणच माती टाकायची आणि त्याच्या मजुरीवर पोरं जगवायची. चुलत्यांना मी एकदा विचारलं होतं की तेव्हा काय वाटायचं. ते म्हणाले, "काय वाटायचं? शनवारी पगार व्हता."

१९७४ च्या उन्हाळ्यात आम्ही उठलो. तिसरीची परीक्षा झाली होती. दारं, चौकटी, कड्या, तुळया सगळं उपसून गाडीत भरलं. वडिलांनी वाड्याचे घडीव दगडही न्यायचा विचार केला होता, पण गाड्या किती लावणार? दगड राहिले. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. प्रकल्पामुळं उठणाऱ्या लोकांच्या पुनर्वसनाचा राज्यातला कायदाही त्याच साली आला. पाहुणे जेवून हात धुऊन गेल्यावर पाट मांडावेत तसं. मोबदल्यातून थोरल्या बहिणीचं लग्न झालं, एक रेडिओ आला, आणि राहिलेले पैसे कसे गेले ते वडिलांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. नव्या गावठाणात प्लॉट मिळाला. गल्ल्या सरळ, काटकोनात. आईला ते आवडायचं नाही. म्हणायची, "सरळ गल्लीत वारं बी थांबत न्हाई अन् माणूस बी."

पाणी कालव्यानं मराठवाड्यात गेलं. जावंच, तहानलेला मुलूख आहे तो. पण आता दर दुष्काळात वर भंडारदरा, मुळेतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर रण पेटतं तेव्हा आमची मोठी पंचाईत होते. नगरकर म्हणून आम्ही 'सोडू नका' म्हणायचं, की ज्यांच्या घरावर ते पाणी येऊन बसतं ते म्हणून 'सोडा' म्हणायचं? आमच्यातलेच जे काठाला राहिले त्यांनी फुगवट्यावर मोटारी बसवून ऊस केला. जे लांब गेले ते कोरडे राहिले. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करायची, त्या गाळपेरीसाठी भावाभावांत कोर्ट झालंय. ते सगळं सोडा.

तर त्या दिवशी. मी घरून एक नकाशा करून नेला होता. पेशानं मी मास्तर. गेली चार-पाच वर्षं म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून मी जुन्या गावाचा नकाशा काढला होता. कोणाचं घर कुठं, दार कोणत्या दिशेला, पिंपळ कुठं, पिराचं थडगं कुठं. त्रेसष्ट घरं भरली होती. मला त्याचा अभिमान होता, लपवत नाही. पुतण्यानं चुन्याच्या फक्कीचं पोतं आणलं होतं. ठरलं असं, की नकाशाप्रमाणं जमिनीवर फक्की टाकून सगळं गाव आखायचं आणि मग वरून फोटो काढायचा. पोरांनी कुणाचा तरी ड्रोन आणला होता.

सुरुवातीलाच भांडण. "आरं, वाण्याचं दुकान हितं न्हवतं. ही बारव धर. बारवंपासनं धा पावलं मारुती, अन् मारुतीच्या पाठीला वाणी."

"मारुतीच्या पाठीला सुताराचा कामठा व्हता. वाणी चावडीला लागून."

"तू तवा रांगत व्हता!"

बेचाळीस वर्षांपूर्वी मोडलेल्या गल्लीसाठी दोन सत्तरीची माणसं एकमेकांची गचांडी धरायला निघाली. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. हळूहळू रेघा उमटल्या. एकेक बाई आपल्या चौकोनात जाऊन उभी राहायची. "ही माझी चूल." "हितं माझा थोरला झाला." माझी चुलती आमच्या माजघराच्या जागी मांडी घालून बसली आणि तिनं वाळक्या गाळावर बोटानं सारवल्यासारखं केलं. कुणी काही बोललं नाही. भोसरीच्या एका पोरानं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून बापाच्या उंबऱ्याची माती भरून घेतली.

उन्हं कलली तेव्हा एक बाई माझ्याजवळ आल्या. बरोबर त्यांचा मुलगा, वाळूजला कंपनीत कामाला. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं. "मास्तर, आपुन एका वर्गात व्हतो. मी दाराशी बसायची." मग आठवलं. दाराशी एक ओळ बसायची, खरंच. तिसरीनंतर गाव उठलं आणि त्यांची शाळा संपली ती संपली.

त्या म्हणाल्या, "आमचा वाडा काढला का न्हाई अजून?"

मी नकाशा बघायला लागलो. बघायची गरज नव्हती. मला माहीत होतं. वेशीच्या बाहेर, नदीच्या खालच्या अंगाला, तेव्हा महारवाडा म्हणत तो, कागदावर एका गोलात मी 'वस्ती' एवढाच शब्द लिहिला होता. घरं नाहीत. दारं नाहीत. पाच वर्षं मी म्हाताऱ्यांना विचारत फिरलो, पण त्या बाजूच्या एकाही म्हाताऱ्याकडं गेलो नव्हतो. गेलो नव्हतो म्हणजे सुचलंच नव्हतं.

मी म्हणालो, "ताई, तिकडं दगड उरलेला नाही काही. खूणच सापडत नाही."

"दगुड व्हता कधी?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. "कुडाची घरं. आम्ही उठलो त्याच पावसाळ्यात इरघळली असतील."

मग त्या चालायला लागल्या आणि मी, पुतण्या, फक्कीचं पोतं मागोमाग. वेशीचे खांब ओलांडून त्या खाली उतरल्या. जवळच्या आठ-दहा जणांनी पाहिलं, काही आले, काही आले नाहीत. बाई पावलं मोजत नव्हत्या. एका जागी थांबून त्यांनी नदीच्या अंगाकडं पाहिलं, मग महादेवाच्या चौथऱ्याकडं पाहिलं. "देवळाचा कळस अन् वेशीचा डावा खांब एका रेघंत आला की आमचं दार. देवळात जायाचं न्हाई, पर कळस आडवायला कोण येतंय?" कळस आता नव्हता. पण चौथरा होता, त्यावरून त्यांनी अंदाज धरला.

"हितनं पंधरा घरं. पुतळाआईचं..." असं म्हणून त्या नावं सांगत गेल्या. नावं मी त्या दिवशी उतरून घेतली, इथं देत नाही. कोण तराळकी करायचं, कोण सनई वाजवायचं, कोण मुंबईला गिरणीत गेलं अन् परत आलं नाही. पुतण्या फक्की टाकत होता. घराचे चौकोन इतके लहान की त्यानं दोनदा विचारलं, "एवढंच?"

पाणवठ्याचंही त्यांनीच सांगितलं. वरच्या अंगाला गावाचा पाणवठा, तिथं दगडी पायऱ्या, त्या अजून होत्या आणि सकाळीच आम्ही त्यावर उभं राहून फोटो काढले होते. खालच्या अंगाला यांचा. उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरायचा. "झिरा रोज नवा. रात्री वाळू ढासळायची, सकाळी पुन्यांदा उकरायचा. त्याची खूण कुठं ऱ्हाती मास्तर?"

मी मोबदल्याचं विचारलं. त्यांच्या वडिलांकडं वतनाची तीन एकर जमीन होती. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. जमीन पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायची तर सरकारात पैसे भरायचे होते, ते मुदतीत भरता आले नाहीत. सातबाऱ्यावर नाव लागलं नाही. सातबारा नाही म्हणून मोबदला नाही, आणि मोबदल्याची नोंद नाही म्हणून पुढं मुलाला धरणग्रस्ताचा दाखला नाही. आमच्या भावकीतल्या तीन पोरांना त्याच दाखल्यावर नोकऱ्या लागल्या, त्यातला एक माझा सख्खा भाऊ. आमच्याच जिल्ह्यात हरेगावला १९३९ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी वतनाच्या जाचाविरुद्ध परिषद घेतली होती. त्या परिषदेला या बाईंचे आजोबा बैलगाडीनं गेले होते, असं त्यांनी जाता जाता सांगितलं. मी नगर जिल्ह्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. आमच्या गावचं कुणी तिथं गेलं होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तोवर आबांना खुर्चीतून तिकडं आणलं होतं. त्यांनी एकेका चौकोनाकडं बघितलं आणि एका ठिकाणी काठी टेकवली. "ह्यो चुकला. ह्याचं दार उगवतीला व्हतं. मी यायचो हितं. सनई ऐकायला. घरात सांगायचो न्हाई."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि पुतण्याला म्हणाल्या, "बाळा, दार फिरव."

पुतण्यानं पायानं एक रेघ पुसली आणि दुसरीकडं उघडी जागा सोडली. चौदा घरं झाली आणि पोतं रिकामं झालं. पुतण्यानं ते उलटं करून झटकलं, त्यातून थोडीशी पांढरी भुकटी निघाली, अर्ध्या चौकोनापुरती. वरच्या आळीत आमच्या वाड्याभोवती पोरांनी हौसेनं चार-चार वेळा गिरवून बोटभर जाड रेघा काढल्या होत्या. मी तिथं गेलो आणि दोन्ही हातांनी आमच्या ओसरीची फक्की गोळा करायला लागलो. ती गाळात मिसळली होती, नीट येत नव्हती. चुलती म्हणाली, "काय करतो रे?" मी टोपी काढून तीत भरत होतो.

ड्रोनवाला पोरगा घाई करत होता. उजेड चालला होता.